प्लॉट घेताय? नकाशा मागा!

अवसरी बुद्रुकसारख्या मंचरजवळच्या गावात प्लॉट घ्यायचं घरात घाटत असेल, तर भगिनींनो, बैठकीत चहा देऊन आत जाऊ नका. बसा आणि नकाशा मागा. विकणारा रंगीत कागद पसरतो. त्यात बाग असते, रुंद रस्ता असतो. मंजुरीची सही-शिक्का मात्र नसतो! शेताचे प्लॉट पाडताना आधी तात्पुरतं रेखांकन मंजूर होतं. मग जागेवर आखणी, भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि त्यानंतर अंतिम रेखांकन. पैसे मोजायचे ते हे अंतिम पाहून.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर, म्हणजे जवळजवळ एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती नकाशावर बोटाने दाखवायला सांगा. नाहीतर पुढे मुलांच्या खेळायच्या जागेवरच कुणाचा तरी पाया खणला जायचा. ‘सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्या उताऱ्यावरून आपला तुकडा नेमका कुठला हे कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि हो, पाटल्या मोडून पैसे उभे केले असतील, तर खरेदीखतात आपलंही नाव घालायला सांगा.