मंद आचेवर गोळे, ऐनवेळी पास्ता

मराठी घरात 'कुकर' हा शब्द उच्चारला की आधी ऐकू येते ती शिट्टी. वाफ कोंडायची, दाब वाढवायचा, पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायचा आणि तासाभराचे काम पंधरा मिनिटांत उरकायचे, हा त्या भांड्याचा धर्म. 'स्लो कुकर' हा त्याचा केवळ नावाचा भाऊबंद आहे. स्वभावाने तो अगदी उलट. त्यात दाब नाही, शिट्टी नाही आणि घाई तर मुळीच नाही. चिनी मातीचे जाड भांडे, त्याला बाहेरून वेढणारी विजेची मंद उष्णता आणि वर काचेचे झाकण, एवढाच त्याचा संसार. पंधरा मिनिटांचे काम तो सहा तासांत करतो, आणि हाच त्याचा गुण मानला जातो. कारण त्या सहा तासांत स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ओट्यापाशी उभे राहावे लागत नाही.

अमेरिकेत या भांड्यात होणाऱ्या पदार्थांत खिम्याचे गोळे आणि पास्ता ही जोडी फार लोकप्रिय आहे. नोकरीवरून थकून आलेल्या माणसाला दार उघडताच टोमॅटो-लसणाचा दरवळ यावा आणि पास्ता शिजायला लागतील तेवढ्या दहा-बारा मिनिटांत पान वाढले जावे, असे हे जेवण. अमेरिकेतील मराठी घरांतही हे भांडे रुळले आहे आणि तिथून येणाऱ्या नातलगांच्या सामानातून ते अधूनमधून इकडेही उतरते. म्हणूनच कृतीइतकेच ते भांडे समजून घेणे गरजेचे आहे.

त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. शिकागोतील आयर्व्हिंग नॅक्सन या ज्यू अभियंत्याने १९३६ साली अशा विजेच्या भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते त्याला मिळाले. त्यामागची प्रेरणा होती लिथुआनियाहून आलेल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून ऐकलेली 'चोलंट'ची आठवण. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत चालणाऱ्या साबाथच्या काळात विस्तव पेटवणे निषिद्ध. मग शनिवारी गरम जेवण कसे मिळणार? त्यावर तोडगा असा, की मांस, कडधान्य व बटाटे भरलेले मडके शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गावातल्या भटारखान्याच्या विझत चाललेल्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी आणायचे. धार्मिक बंधनातून निघालेली ही पाकयुक्ती पुढे विजेच्या तारेला जोडली गेली. नॅक्सनच्या भांड्याचे हक्क १९७० साली कॅन्सस सिटीच्या 'रायव्हल' कंपनीकडे गेले आणि १९७१ मध्ये ते 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आले. अमेरिकेतील विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या, तो हा काळ. भांडे झपाट्याने खपले, यात नवल ते काय!

आपल्यालाही ही कल्पना परकी नाही. चुलीचा वैल हा आपला जुना 'स्लो कुकर'च होता. पुढे भाकरी भाजली जात असताना मागे वैलावर आमटी किंवा दूध निवांत राहायचे. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास तयार केलेला 'इकमिक कुकर' हाही डब्यांवर डबे रचून कोळशाच्या मंद आचेवर वाफेने अन्न शिजवणाराच होता. म्हणजे भांडे परदेशी असले, तरी त्यामागची गरज आपल्याही ओळखीची आहे.

पदार्थाचे मूळ मात्र इटलीत शोधू जाल तर फसाल. इटलीत मांसाचे गोळे असतात आणि पास्ताही असतो. पण गोळे बहुधा स्वतंत्र वाढले जातात. आब्रुत्सो प्रांतात पास्त्यात घालतात ते गोळे वाटाण्यापेक्षा जेमतेम मोठे. लिंबाएवढे गोळे, वर टोमॅटोचा दाट रस्सा आणि खाली स्पॅगेटीचा ढीग, हे दृश्य अमेरिकेचे. १८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन, त्यातही बहुतांश दक्षिणेकडचे गरीब शेतकरी व मजूर, अमेरिकेत गेले. मायदेशी त्यांना मांस सणासुदीला मिळे. अमेरिकेत ते मजुराच्या पगारात परवडू लागले. गोळे मोठे झाले ते या सुबत्तेमुळे. गोळ्यांत ब्रेड मिसळण्याची सवय मात्र गरिबीच्या दिवसांतली, आणि ती टिकली हे पदार्थाचे भाग्यच, कारण त्याची चव आणि मऊपणा बऱ्याच अंशी त्या ब्रेडवरच अवलंबून आहे.

ते कसे, हे थोडे विस्ताराने पाहायला हवे. मांस तापले की त्यातील प्रथिने आकसतात आणि पाणी बाहेर ढकलतात. खिमा नुसताच वळून शिजवला तर गोळा घट्ट, चिवट होतो. दुधात भिजवून कुस्करलेला ब्रेड त्यात मिसळला, की त्यातील स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांच्या धाग्यांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाही. मूळ कृतीत गाईचे व डुकराचे चरबीयुक्त मांस मिसळलेले असते. आपल्याकडे वापरायचा तो बकऱ्याचा खिमा. तो त्यामानाने कोरडा. त्यामुळे आपल्याला ब्रेड अधिकच जरुरीचा. खाटकाला थोडी चरबी राहू द्यायला आणि खिमा दोनदा काढायला सांगावे.

चार माणसांसाठी खिमा घ्यावा अर्धा किलो. ब्रेडच्या दोन स्लाइस कडा काढून पाव वाटी दुधात दहा मिनिटे भिजत घालाव्यात आणि त्यांचा लगदा करावा. त्यात एक अंडे, अगदी बारीक चिरून तेलावर परतलेला एक लहान कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या ठेचून, एक चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड आणि मिळाल्यास दोन मोठे चमचे किसलेले पार्मेजान चीज घालावे. खिमा सर्वांत शेवटी मिसळावा आणि बोटांच्या टोकांनी, हलक्या हाताने. कणकेसारखा तिंबायचा मोह आवरावा. जास्त मळले की गोळा रबरासारखा होतो. ओल्या हाताने लिंबाएवढे वीस-बावीस गोळे वळावेत.

यानंतर आळस करू नये अशी पायरी येते. अनेक 'सोप्या' कृतींत कच्चे गोळे थेट रश्शात सोडायला सांगतात. ते शिजतात हे खरे. पण त्यांचा रंग राखाडी राहतो आणि चव उकडलेलीच लागते. मांसाला खरपूस चव व रंग येतो तो पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर तापल्यावर. स्लो कुकरचे तापमान मात्र पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे जात नाही. तेव्हा पसरट तव्यावर थोड्या तेलात गोळे सर्व बाजूंनी तांबूस करून घ्यावेत. ओव्हन असल्यास २२० अंशांवर बारा-पंधरा मिनिटे पुरतात. आत ते कच्चे राहिले तरी चालतील. मात्र असे अर्धवट शिजलेले गोळे तसेच ठेवून देऊ नयेत, लगेच गरम रश्शात सोडावेत.

रश्शाची गंमत वेगळीच आहे. कढईतला रस्सा आटतो. स्लो कुकरमधला आटत नाही. वाफ झाकणाला लागते, तिचे पाणी होते आणि ते पुन्हा भांड्यातच पडते. म्हणून नेहमीइतके पाणी घातले तर सहा तासांनी टोमॅटोचे सार हाती येते. आपले टोमॅटो पाणीदार आणि आंबट; एक किलो पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून, साले उतरवून, मिक्सरमधून फिरवावेत. कढईत तीन चमचे तेलावर एक कांदा आणि लसणाच्या चार-पाच पाकळ्या मऊ होईपर्यंत परताव्यात, त्यावर टोमॅटोचा गर घालून वीस मिनिटे आटवावा आणि दोन चमचे टोमॅटो पेस्ट मिसळावी. कांदा कच्चा टाकू नये. टोमॅटोच्या आंबटपणात तो तासन् तास शिजूनही करकरीत राहतो. तमालपत्र, वाळवलेले ओरेगॅनो, मीठ व चिमूटभर साखर आताच घालावी. ताजी बेझिलची पाने मात्र अगदी शेवटी. ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा या बेझिलचाच प्रकार. कुंडीत असल्यास त्याची पाने चालतात. देवघरासमोरची तुळस ही त्याची बहीण असली, तरी तिचा उग्रपणा येथे शोभत नाही. गरम मसाल्याबद्दल विचाराल, तर तो घालून जे होते ते कोफ्त्याचे कालवण. उत्तमच लागते, पण मग त्यासोबत पास्ता कशाला, पाव आणावा!

उकळता रस्सा भांड्यात ओतून त्यात गोळे एका थरात बुडवावेत. भांडे निम्म्यापेक्षा कमी किंवा दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. 'लो'वर पाच ते सहा तास, 'हाय'वर सुमारे तीन तास. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'लो' आणि 'हाय' यांतील फरक बहुतेक भांड्यांत अंतिम तापमानाचा नसून तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा असतो. दोन्ही शेवटी उकळीच्या जवळपासच जातात. 'वॉर्म' हे बटण मात्र शिजवण्यासाठी नाहीच. ते शिजलेले गरम ठेवण्यापुरते. मध्येच झाकण उचलून पाहण्याची सवयही नडते, कारण गेलेली उष्णता भरून यायला वीस मिनिटे तरी जातात.

आठ-नऊ तास ठेवले तर अधिक मऊ होतील का? नाही. मंद आचेची खरी करामत दिसते ती नळी, खांदा अशा चिवट तुकड्यांत, जिथे कोलॅजेन विरघळायला वेळ लागतो. खिमा यंत्रातून आधीच तुटून आलेला असतो. फार वेळ शिजवल्यास तो भुसभुशीत, रवाळ होतो. तेव्हा हे भांडे खिम्याला मऊ करते म्हणून नव्हे, तर रश्शाची चव गोळ्यांत मुरवते आणि आपली संध्याकाळ मोकळी करते म्हणून वापरायचे. सकाळी आठला लावून रात्री आठला परतणाऱ्यांनी विशिष्ट वेळेनंतर आपोआप 'वॉर्म'वर जाणारे भांडे घ्यावे.

पास्ता दिवसभर या भांड्यात ठेवणे म्हणजे त्याची खीर करणे होय. चांगला पास्ता ड्युरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत तर वाळवलेल्या पास्त्यासाठी हाच गहू वापरण्याचे बंधन १९६७ च्या कायद्याने घातले. आपला बन्सी गहूही ड्युरमच. या गव्हातील प्रथिनांची जाळी स्टार्चला धरून ठेवते, पण तिलाही मर्यादा आहे. तेव्हा वाढण्याच्या वेळी चार लिटर पाण्यात चाळीस ग्रॅम मीठ घालून खळखळ उकळावे, चारशे ग्रॅम पास्ता त्यात सोडावा आणि पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी काढावा. तो थंड पाण्याखाली धुऊ नये. वाटीभर पाणी राखून ठेवून पास्ता कढईत रश्शाबरोबर दोन मिनिटे परतावा, लागेल तसे ते पाणी घालावे. त्यातील स्टार्चमुळे रस्सा पास्त्याला छान धरतो. दुसरे पातेले घासायचा कंटाळा असेल तर पेने किंवा शंखासारखा आखूड पास्ता शेवटची अर्धा-पाऊण तास 'हाय'वर, दोन वाट्या उकळते पाणी घालून, भांड्यातच शिजवता येतो. चालून जातो, इतकेच.

आता धोक्याच्या गोष्टी. अखंड मांसावर जंतू असतात ते पृष्ठभागावर. खिमा करताना ते आतवर मिसळतात. म्हणून मटणाचा गोळा मध्यभागी किमान ७१ अंश आणि कोंबडीच्या खिम्याचा ७४ अंश तापलेला असावा, असा अमेरिकी कृषी खात्याचा दंडक आहे. ४ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा अन्नाने लवकर ओलांडला पाहिजे. त्यामुळे गोठलेले मांस थेट या भांड्यात टाकू नये आणि रस्सा नेहमी गरमच ओतावा. आपण घराबाहेर असताना बराच वेळ वीज गेली होती असे कळले, तर अन्न शिजलेले दिसत असले तरी टाकून द्यावे. ते किती वेळ कोमट राहिले हे सांगता येत नाही. अर्धा किलो मटण फेकताना जीव हळहळतो, पण इलाज नाही. भारनियमनाच्या गावात हे भांडे सुटीच्या दिवशी, आपण घरी असतानाच लावावे. याच भांड्यात राजमा करणाऱ्यांनी तो आधी भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात वेगळा खळखळ उकळून घ्यावा. कच्च्या राजम्यातील विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाबाची पाळी येते.

अमेरिकेहून आलेल्या भांड्याची तळची पट्टी वाचल्याखेरीज ते आपल्या प्लगात घालू नये. ते १२० व्होल्टचे असल्यास आपल्या २३० व्होल्टवर जवळजवळ चौपट वीज खेचते आणि 'स्लो' हा शब्द निरर्थक होतो. भांडे जळते किंवा त्याहून वाईट काही घडते. नुसती पिन बदलणारा अॅडॉप्टर येथे कामाचा नाही, योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचे वजन व किंमत पाहता इथलेच भांडे घेणे शहाणपणाचे. विजेच्या बिलाची काळजी मात्र नको. २०० वॅटचे भांडे सहा तास अखंड चालले तरी सव्वा युनिटच्या आतच राहते.

उरलेले गोळे त्या जाड मातीच्या भांड्यात तसेच फ्रिजमध्ये ठेवू नयेत. ते फार सावकाश निवते. रश्शासकट पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी गॅसवर चांगली उकळी आणून, लोण्यात भाजलेल्या पावाच्या पोटात दोन-दोन गोळे भरून मुलांच्या डब्यात द्यावेत.