होडीवरील दोन बर्फपेट्या

नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळू लागतो आणि कोकणच्या बंदरांतून होड्या पुन्हा बाहेर पडतात. हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा बंदरांवर त्या दिवसांत डिझेलची पिंपे, जाळी, बर्फाच्या लाद्या आणि खलाशांची शिदोरी अशी सर्व सामग्री एकाच लगबगीत होडीवर चढत असते. या घाईत लहान होडीवर पुष्कळदा एकच बर्फपेटी नेली जाते. लादी फोडून तीत टाकावयाची, वर दूध, ओले खोबरे आणि घरून आणलेले कालवण ठेवावयाचे, आणि मासळी लागली की तीही त्याच पेटीत लोटावयाची, असा हा प्रकार असतो.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी वाईट होतो. जेवणासाठी दर घटकेला झाकण उघडले जाते, त्यामुळे मासळीचा बर्फ वेळेपूर्वी संपतो. मासळीचे रक्त व बुळबुळीत पाणी अन्नाच्या भांड्यांत शिरते आणि खलाशी आजारी पडतात. लिलावाच्या वेळी व्यापारी माशाचे कल्ले उचलून पाहतो. ते लाल नसून तपकिरी दिसले की दोन रात्रींच्या श्रमाचे मोल तेथेच उतरते. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे : मासळीला वितळत्या बर्फाची ओली थंडी हवी असते, तर शिदोरीला कोरडी थंडी हवी असते. या दोन गरजा एका पेटीत भागत नाहीत.

बर्फ आपले काम कसे करतो

शून्य अंश सेल्सिअसचा १ किलो बर्फ वितळून त्याचे शून्य अंशाचेच पाणी होते, तेव्हा तो सभोवारची सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. तेच १ किलो पाणी पुढे शून्यापासून १० अंशांपर्यंत तापताना केवळ १० किलोकॅलरी घेते. म्हणजे थंडाव्याचे खरे काम वितळणारा बर्फ करतो. बर्फ वितळणे हे स्वतः नुकसान नव्हे. तो मासळीची उष्णता घेऊन वितळला तर कामी आला. पेटीच्या भिंतीतून शिरलेल्या उन्हाने वितळला तर वाया गेला.

३० अंशांच्या पाण्यातून काढलेली १०० किलो मासळी शून्य अंशांपर्यंत आणण्यासच सुमारे ३३ किलो बर्फ खर्ची पडतो. त्यापुढे ती थंड राखण्यास लागणारा बर्फ वेगळा. म्हणूनच आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात एकाहून अधिक दिवसांच्या सफरीसाठी मासळीच्या वजनाइतकाच बर्फ घ्यावा, असे प्रमाण सांगितले जाते. बर्फात केलेली काटकसर अंगाशी येते, कारण १० अंशांवर ठेवलेली मासळी शून्य अंशांवरील मासळीच्या सुमारे चौपट वेगाने बिघडते.

पेटीची भिंत कोरडी असावी

बर्फ किती टिकेल हे पेटीच्या भिंतीवर अवलंबून असते. आतून ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच अशी पेटी घेऊ. बाहेर ३० अंश उष्णता असताना तिची भिंत नुसत्या अडीच सेंटिमीटर जाडीच्या फळीची असेल, तर केवळ भिंतीतून येणाऱ्या उष्णतेने दिवसाला ३० किलोंच्या आसपास बर्फ वितळेल. त्याच पेटीस सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर जाडीचे थर्माकोल बसविले, तर हा खर्च सुमारे ७ किलोंवर येतो. पफच्या थराने तो आणखी कमी होतो. जाड भिंतीच्या पेटीची किंमत अधिक असली, तरी वाचलेल्या बर्फातून ती भरून निघते.

थर्माकोल, भुसा अथवा तूस यांच्यात अडकून पडलेली हवा उष्णतेला अडविते. त्या हवेच्या जागी पाणी शिरले की हा गुण नाहीसा होतो. म्हणून थर्माकोल उघडे ठेवू नये. त्याच्या आतबाहेर फायबरग्लासचे किंवा जाड प्लॅस्टिकचे अस्तर असावे आणि अस्तरास चीर पडल्यास ती तत्काळ बुजवावी. जुनी पेटी उचलताना पूर्वीपेक्षा जड वाटू लागली, तर भिंतीत पाणी मुरले आहे असे समजावे.

कोरड्या आच्छादनाचा प्रभाव किती मोठा असतो याचे एक ऐतिहासिक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून सुमारे १८० टन बर्फ भरून एक जहाज कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांच्या, विषुववृत्त ओलांडून केलेल्या प्रवासानंतरही त्यातील सुमारे १०० टन बर्फ शिल्लक राहिला होता. पुढे मुंबईसही असा बर्फ येऊ लागला. त्या काळी यंत्राचे साहाय्य नव्हते. लाद्या एकमेकींस चिकटून रचलेल्या होत्या, भोवती भुशासारख्या पदार्थांचे आच्छादन होते आणि वितळलेले पाणी काढून टाकण्याची सोय होती. आजच्या होडीवरील पेटीस हीच तीन तत्त्वे लागू पडतात.

मासळीची पेटी

मासळीच्या पेटीत बर्फाचा बारीक चुरा वापरावा. मोठे तुकडे माशाला सर्व बाजूंनी भिडत नाहीत आणि त्यांच्या धारदार कडांनी कातडी फाटते. प्रथम तळाशी चुऱ्याचा चांगला थर द्यावा, त्यावर मासळीचा एकेरी थर, पुन्हा चुरा, याप्रमाणे भरीत जावे. भिंतींच्या कडेने आणि सर्वांत वर बर्फ अधिक असावा, कारण बाहेरची उष्णता तेथूनच येते. रास फार उंच करू नये. खालची मासळी चेपते.

सुरमईसारख्या मोठ्या माशाचे पोट साफ करून, कल्ले काढून, तो स्वच्छ समुद्राच्या पाण्याने धुवावा. पोटात चुरा भरावा आणि आत पाणी साचू नये अशा रीतीने पोटाची बाजू खाली करून ठेवावा. बंदरातील गढूळ पाणी धुण्यासाठी कधीही वापरू नये.

वितळलेले गार पाणी मासळीवरून झिरपत खाली जाते, तेव्हा ते तिला थंड करते आणि धुऊनही काढते. परंतु तेच पाणी तळाशी साचून राहिले तर खालची मासळी रक्तमिश्रित डबक्यात भिजत पडते. यास्तव तळाला उतार व सर्वांत सखल जागी निचऱ्याचे भोक असावे. भोकास वळणदार नळी जोडल्यास तिच्या बाकात थोडे पाणी राहते आणि तेथून बाहेरची उष्ण हवा आत शिरत नाही.

बांगडा, कुपा यांसारख्या मासळीबाबत विशेष दक्षता घ्यावी. ती उन्हात पडून राहिली तर तिच्यात सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. अशी मासळी खाल्ल्यास तोंड लाल होणे, अंगास खाज सुटणे, डोके दुखणे, उलट्या होणे असा त्रास होतो. हे द्रव्य एकदा तयार झाले की मासळी कितीही शिजविली किंवा नंतर बर्फात घातली तरी ते नष्ट होत नाही. म्हणून जाळे ओढल्यानंतर मासळी विनाविलंब बर्फात गेली पाहिजे. तोवर तिच्यावर ओले गोणपाट तरी असावे.

शिदोरीची पेटी

चार-पाच खलाशांच्या दोन रात्रींच्या सफरीस एक लहान पेटी पुरते. तीत काय ठेवावे याचा आधी विचार करावा. दूध, दही, खवलेले खोबरे, नारळाच्या रसाची सोलकढी, शिजविलेले कालवण आणि शिळा भात यांना थंडी अत्यावश्यक आहे. कांदे, बटाटे, कोकमाचे आगळ, भाकरी यांना तिची गरज नाही. केळी तर थंडीने काळी पडतात. अनावश्यक वस्तू बाहेर ठेवल्या की बर्फाला जागा मिळते.

भाताविषयी अनेकांची समजूत चुकीची असते. शिजविताना काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला तर त्यांची वाढ होऊन विषारी द्रव्य बनते. भात पुन्हा तापविला तरी ते जात नाही. यासाठी भात त्या त्या वेळी लागेल तेवढाच शिजवावा आणि उरल्यास निववून लगेच थंड पेटीत ठेवावा.

ऊन भांडे मात्र पेटीत कदापि ठेवू नये. ८० अंशांचे ५ किलो कालवण शून्यावर येईपर्यंत सुमारे ४ किलो बर्फ खाऊन टाकते. तेच भांडे, झाकण घट्ट लावून, पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवून आधी निववावे. घमेल्यातील पाणी दोन-तीनदा बदलले म्हणजे काम लवकर होते.

या पेटीत चुऱ्याऐवजी लादीचा अखंड तुकडा ठेवावा. तो सावकाश वितळतो. त्यावर फळ्यांची जाळी बसवावी आणि सर्व पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यांत घालून जाळीवर मांडावे. दुधाच्या पिशव्याही डब्यातच ठेवाव्या. वितळलेले पाणी जाळीच्या खाली आहे तोवर ते गार असल्याने राहू द्यावयास हरकत नाही. मात्र डब्यांना टेकण्यापूर्वी बूच काढून ते सोडावे. होडी हेलकावे खात असता पाणी वर उसळते, हे ध्यानात धरून मध्ये चार बोटे अंतर असावे. या बर्फाचे पाणी पिण्यासाठी किंवा सरबतासाठी वापरू नये. बर्फ अन्नाजवळ ठेवावयाचा असल्याने तो पिण्यायोग्य पाण्याचाच घ्यावा.

बर्फात मीठ टाकल्याने थंडी वाढते हे खरे. परंतु त्यामुळे तपमान शून्याखाली उतरून जवळचे दूध व भाजी गोठते आणि बर्फही लवकर संपतो. शिदोरीच्या पेटीस ते उपयोगी नाही.

सफरीच्या आधी आणि सफरीवर

पेटी आदल्या रात्री सावलीत आणून तीत थोडा बर्फ टाकून ठेवावा. तापलेल्या पेटीत सकाळी बर्फ भरला तर त्याचा पहिला भाग पेटी थंड करण्यातच जातो. पदार्थही घरूनच गार करून आणावेत.

होडीवर पेटी यंत्रापासून दूर, सावलीत ठेवावी. तापलेल्या फळ्यांवर ती थेट न टेकविता खाली दोन पट्ट्या द्याव्या. वर ओले गोणपाट घातल्यास वाऱ्याने त्यातील पाणी उडते आणि थंडावा मिळतो. पण भिंतीस किंवा झाकणास चीर असेल तर प्रथम ती बुजवावी. झाकणाच्या कडेस रबराची पट्टी असावी. प्रथम लागणारा पदार्थ वर आणि शेवटी लागणारा तळाशी, अशी मांडणी केली म्हणजे झाकण उघडे धरून शोधाशोध करावी लागत नाही. रिकामी जागा राहिल्यास ती स्वच्छ कापडाने भरावी.

परतल्यावर दोन्ही पेट्या रिकाम्या करून, साबणाने घासून, गोड्या पाण्याने धुवाव्या आणि झाकण उघडे ठेवून वाळवाव्या. उरलेला बर्फ पुढील सफरीस वापरू नये. थर्माकोलचे मोडके तुकडे समुद्रात टाकू नयेत. त्यांचा चुरा कुजत नाही आणि तो अन्न समजून मासळी गिळते.

दुसरी पेटी घेण्याचा खर्च पाहून काही नाखवा बंधूंना संकोच वाटेल. ज्यांना नवी पेटी घेणे शक्य नाही त्यांनी एखाद्या जुन्या पेटीस आतून थर्माकोल व प्लॅस्टिकचे अस्तर लावून शिदोरीसाठी वापरावी. एका सफरीची मासळी हातची गेली अथवा भर समुद्रात तांडेल उलट्यांनी अंथरुणाला खिळला, तर त्या एका दिवसाचे नुकसान अशा पेटीच्या किमतीपेक्षा निश्चितच मोठे ठरते. येत्या हंगामात होडी पाण्यात लोटण्यापूर्वी प्रत्येक नाखव्याने आपल्या पेटीची भिंत, झाकण आणि बूच एकवार तपासून पाहावे.