‘ड’ जीवनसत्त्व आणि आमवात : नाते किती, गैरसमज किती?

सकाळी उठल्यावर हातांची बोटे आखडलेली असतात. चहाचा पेला धरवत नाही, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही आणि हे आखडलेपण तासाभरातही सुटत नाही. दोन्ही मनगटे, दोन्ही हातांची पेरे सारखीच सुजतात. तपासणीनंतर आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, निदान होते. त्याच वेळी ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा १२ आल्याचे कळते. घरातील मंडळींना वाटते, दुखण्याचे मूळ सापडले! आपल्याही घरी असा निष्कर्ष निघाला असेल, तर क्षणभर थांबावे.

आधी कारण की आधी परिणाम?

वयोमानाने गुडघे झिजतात, तो संधिवात वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. प्रतिकारशक्तीच्या पेशींवर ‘ड’ जीवनसत्त्वाचा प्रभाव पडतो, हे खरे आहे. आमवाताच्या अनेक रुग्णांत त्याची पातळी कमी आढळते, हेही खरे आहे. परंतु ज्याचे सांधे दुखतात, तो घराबाहेर, उन्हात कमी जातो आणि शरीरातील दाहामुळेही ही पातळी खालावू शकते. म्हणून कमतरता हे आजाराचे कारण की परिणाम, हे केवळ एका आकड्यावरून ठरत नाही.

अमेरिकेत पन्नाशी उलटलेल्या सुमारे २६ हजार व्यक्तींचा पाच वर्षे अभ्यास करण्यात आला. ‘व्हायटल’ नावाच्या या अभ्यासाचे याविषयीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. रोज २००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात १२३ जणांना, तर औषधरहित गोळी घेणाऱ्या गटात १५५ जणांना स्वप्रतिकार विकार जडले. ही घट आशादायक आहे. मात्र हे आकडे आमवात, सोरायसिस, थायरॉइड असे सर्व विकार मिळून आहेत. शिवाय हा प्रश्न आजार टाळण्याचा होता, जडलेला आजार बरा करण्याचा नव्हे.

मग कमतरता का भरून काढावी?

हाडांसाठी. आमवात मुळातच हाडे ठिसूळ करतो. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असल्या, तर धोका वाढतो. अशा वेळी न्हाणीघरातील एक घसरण खुब्याचे हाड मोडण्यास पुरेशी ठरते. पातळी साधारणतः २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती वाढवणे हिताचे. बंद खिडकीच्या काचेतून आलेले ऊन यासाठी उपयोगी पडत नाही. वृद्ध त्वचेची हे जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमताही घटते. बांगडा, तारली, अंड्याचा बलक आणि ‘ड’ जीवनसत्त्वयुक्त दूध यांचा हातभार लागतो. तरीही अनेकांना औषध घ्यावेच लागते.

काळजीवाहकांनी जपावयाच्या गोष्टी

६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी सहसा आठवड्यातून एकदाच आणि ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. ती दीर्घकाळ रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. अतितहान, मळमळ, बद्धकोष्ठ, ग्लानी वा गोंधळलेपण दिसल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. मूतखडा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तेही आधी सांगावे.

आमवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषधही बहुधा आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून ते रोज घेतले गेले, तर जिवावर बेतू शकते. म्हणून भिंतीवरील दिनदर्शिकेत दोन्ही औषधांचे वार निरनिराळ्या रंगांनी खुणावून ठेवावेत आणि औषध दिल्यावर त्या दिवशी खूण करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘ड’ जीवनसत्त्व सुरू झाले म्हणून आमवाताची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. औषधांविना गेलेल्या महिन्यांत सांधे आतून झिजत राहतात आणि वाकडी झालेली बोटे पुढे कोणतीही पुडी सरळ करू शकत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व हा उपचाराचा जोडीदार आहे, त्याचा पर्याय नव्हे.