कराचा दर अकरा ठिकाणी : दुकानाच्या ॲपची एक हकीकत

कापडाच्या धंद्यात आमचे केस पांढरे झाले. बाळापूरच्या उर्दू शाळेत अक्षरे शिकलो, मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलो आणि हिसाब वडिलांच्या वह्यांतून. संगणकाची विद्या आमच्याजवळ नाही. तरीही मोबाईलच्या ॲपविषयी लिहायला बसलो आहोत, कारण गेल्या दिवाळीच्या सुमारास याच ॲपने आमच्या दयानतदारीवर बोट ठेवण्याची वेळ आणली होती. आज लहान-लहान दुकानदार, शिंपी, भांडीवाले, फर्निचरवाले आपापल्या मुला-पुतण्यांकडून अशी ॲपे बनवून घेत आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ही हकीकत.

आमचा भाचा अकोल्याला इंजिनिअरिंग शिकला. त्याने तीन वर्षांपूर्वी दुकानासाठी एक ॲप तयार केले. बिल, साठा, उधारी, परत आलेला माल आणि महिन्याचा गोषवारा, सगळे त्यात. गूगल कंपनीचे फ्लटर नावाचे साधन आहे, त्यावर ते बनले. या साधनाची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर 2018 मध्ये निघाली आणि एकदाच लिहिलेले काम अँड्रॉइड व आयफोन दोन्हीवर चालते म्हणून तरुण मुलांत ते फार पसरले. ॲप उत्तम चालले. आम्ही दोन वर्षे वही उघडली नाही. तीच चूक झाली.

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने दर बदलले. तोपर्यंत तयार कपड्यांवर नगाला 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के कर होता. 22 सप्टेंबरपासून 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के असे झाले. आमच्यासारख्या दुकानाला हा बदल मोठा. 1800 रुपयांच्या कुर्ता-सेटवर काल 216 रुपये कर होता, आज 90. भाच्याला फोन केला. त्याने रात्री बसून बदल केला आणि सकाळी सांगितले, "मामू, झालं."

ऑक्टोबरमध्ये वाडेगावचे एक गिऱ्हाईक असाच कुर्ता-सेट परत घेऊन आले. माप बसले नव्हते. आम्ही परत मालाचा पडदा उघडला, तर ॲप म्हणाले, 2016 रुपये द्या. आम्ही नोटा मोजायला घेतल्या. ते गृहस्थ म्हणाले, "शेठजी, मी तर अठराशे नव्वद दिले होते." बिल काढून पाहिले. ते खरे बोलत होते. बिलाच्या वेळी ॲपने 5 टक्के घेतले आणि परत देताना 12 टक्के धरले. गिऱ्हाईक इमानदार निघाले म्हणून 126 रुपये वाचले.

पण आमच्या पोटात गोळा आला तो वेगळ्या कारणाने. एका ठिकाणी जुना दर राहिला असेल तर आणखी कुठे कुठे राहिला आहे? रात्री दुकान बंद करून भाच्यासोबत तपासायला बसलो. उधारीची बिलेही जुन्याच दराने निघत होती. म्हणजे नगद नेणाऱ्याला 5 टक्के आणि महिन्याने पैसे देणाऱ्या गरजू माणसाला त्याच कपड्यावर 12 टक्के. याची कल्पना करूनच शरम वाटली. उलट 3000 रुपयांच्या शेरवानीवर 18 टक्क्यांचे 540 घ्यायला हवे होते, तिथे 360 घेतले गेले होते.

आमच्या हिसाबनीसांनी स्पष्ट सांगितले की कर म्हणून जादा घेतलेला पैसा दुकानदाराला ठेवता येत नाही. एक तर तो सरकारात जातो, नाही तर रीतसर क्रेडिट नोट काढून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. आम्ही नोटा काढल्या आणि घरोघर जाऊन पैसे पोचवले. कमी घेतले होते ते खिशातून भरले. एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "मशीनने चूक केली का तुम्ही?" आम्ही म्हणालो, "आम्हीच."

आता मूळ गोष्ट. भाच्याने लॅपटॉपवर ॲपचा मजकूर दाखवला. 'मेन' नावाची एकच फाईल, साडेचार हजार ओळींची. बिलाचा पडदा त्यात, उधारी त्यात, छपाई त्यात, बटणांचे रंग त्यात. आणि कराचा दर अकरा ठिकाणी हाताने लिहिलेला. त्याने रात्री आठ ठिकाणी बदलला, तीन ठिकाणे नजरेतून सुटली. परत माल, उधारी आणि महिन्याचा गोषवारा. मुलाचा दोष काय काढायचा? साडेचार हजार ओळींत आमचीही नजर चुकली असती. पण आम्ही त्याला एवढे जरूर विचारले की, बेटा, तुझे नाना रोजमेळ आणि खतावणी एका वहीत लिहीत होते काय? दिवसभराची देवघेव रोजमेळात, प्रत्येकाचे खाते खतावणीत, जाकड नेलेल्या मालाची वही वेगळी. भाव बदलला तर भावाच्या वहीत एकदाच बदलायचा.

भाच्याने ऐकले आणि पुढच्या रविवारी फाईल फोडून सहा फाईली केल्या. बिल बनवणे एक, पैसे घेणे एक, छापणे एक, साठवणे एक, अशा. काम ज्या क्रमाने चालते त्या क्रमाने तुकडे. दिसायला सुंदर. आम्ही विचारले, उद्या दर पुन्हा बदलला तर किती फाईली उघडशील? त्याने मोजले. चार. म्हणजे कचरा एका खोलीतून चार खोल्यांत वाटला गेला होता.

ही चूक त्याची एकट्याची नाही, जुनी आहे. डेव्हिड पार्नास नावाच्या विद्वानाने डिसेंबर 1972 मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या एका मासिकात याच विषयावर लेख लिहिला होता. तेव्हा ते कार्नेगी-मेलन विद्यापीठात होते. त्यांनी एकच छोटे काम दोन प्रकारे विभागून दाखवले. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, आणि एकदा जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे असा एकेक निर्णय एकेका तुकड्यात झाकून. बदल करायची वेळ आली की दुसरी रीत सोपी जाते, हे त्यांनी दाखवून दिले. मोबाईल तेव्हा स्वप्नातही नव्हता. भाच्याला हे कॉलेजात शिकवले होते म्हणे, पण परीक्षेपुरते.

मग आम्ही दोघांनी कागद घेतला आणि दुकानात काय काय बदलते ते लिहिले. कराचा दर बदलतो, सरकारच्या मर्जीने. छापायचे यंत्र बदलते, बिघडले की. पडद्यावरची भाषा बदलते, कारण आमच्याकडे एक नोकर मराठी वाचतो आणि एक उर्दू. बिल कसे दिसावे हे आमच्या मर्जीने बदलते. त्या यादीवरून फाईली ठरल्या.

कराची फाईल जेमतेम चाळीस ओळींची झाली. तिला तीन गोष्टी सांगायच्या, मालाचा प्रकार, नगाचा भाव आणि बिलाची तारीख. ती दर सांगते. तारीख का? कारण 22 सप्टेंबरच्या आधीचे बिल पुन्हा छापले तर त्यावर जुनाच दर आला पाहिजे. आणि परत मालाच्या फाईलने दर काढायचाच नाही, मूळ बिलावर जो दर नोंदला आहे तोच वाचायचा. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटला. परत देताना नवा हिसाब करायचा नसतो, जुना पाहायचा असतो, हे कोणताही दुकानदार जाणतो. ॲप बनवणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते एवढेच.

फ्लटरमध्ये ज्या भाषेत लिहितात तिचे नाव डार्ट. तिच्यात एक सोय आहे. एखाद्या नावाच्या आधी खालची रेघ घातली की ते नाव त्या फाईलच्या बाहेर दिसत नाही. भाच्याने टक्क्यांचे आकडे असे रेघ घालून कराच्या फाईलमध्ये बंद केले. आता दुसऱ्या फाईलला ते आकडे दिसतच नाहीत, तिला रीतसर विचारावेच लागते. प्रत्येक फाईलच्या माथ्यावर ती कोणाकोणाकडून काय घेते त्याची यादी असते. ती वाचली की कोणाचे देणे-घेणे कोणाशी, हे कळते. कराच्या फाईलची ही यादी रिकामी आहे. ती कोणाची मिंधी नाही. 'मेन' फाईल आता वीस ओळींची उरली, फक्त दरवाजा उघडण्यापुरती. आपल्या बाळापूरच्या किल्ल्याला एकात एक तीन दरवाजे आहेत, पण दरवाजात कोणी कोठार बांधले नाही.

एक परीक्षा आम्ही स्वतः घेतली. बरोबर 2500 रुपयांचा नग घातला. ॲपने 450 रुपये कर दाखवला. चूक. कायदा म्हणतो 2500 पेक्षा जास्त नसलेल्या नगावर 5 टक्के, म्हणजे 125 रुपये. 'पेक्षा कमी' आणि 'पर्यंत' यातला हा फरक. जुन्या फाईलमध्ये ही चूक सापडायला वर्ष गेले असते. चाळीस ओळींत दोन मिनिटांत सापडली. भाच्याने आता 1800, 2500 आणि 2501 या तीन भावांची तपासणी वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवली आहे. कराच्या फाईलला हात लागला की आधी ती चालवायची.

शब्दांची फाईल मात्र आमची स्वतःची झाली. पडद्यावरचे सगळे मराठी शब्द एका फाईलमध्ये, उर्दू शब्द दुसरीत. उर्दू निवडली की पडदा आपोआप उजवीकडून सुरू होतो, त्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. या फाईलमध्ये संगणकाची भाषा जवळपास नसतेच, एका बाजूला खूण आणि दुसऱ्या बाजूला शब्द. भाच्याने भाषांतर यंत्राकडून करून घेतले होते. मराठीतल्या 'सूट' या शब्दाचे यंत्राने उर्दूत अंगावर घालायचा सूट केले! बिलाखाली 'सूट 50 रुपये' असे वाचून आमचा उर्दू वाचणारा नोकर तीन वर्षे काय समजत होता कोण जाणे. आम्ही तिथे 'रिआयत' लिहिले आणि आणखी पंधरा-वीस शब्द सुधारले. ॲपला काही धक्का लागला नाही.

एक इशारा. फाईली फोडण्याची हौस लागली की मुले थांबत नाहीत. भाच्याच्या एका मित्राने सल्ला दिला की प्रत्येक बटणाची फाईल वेगळी करा. आम्ही नको म्हटले. रुमालाच्या प्रत्येक डझनाला वेगळे कपाट केले तर गिऱ्हाईक निघून जाईल. आमची रीत अशी की जे एकत्र बदलते ते एकत्र ठेवावे. बिलाचा पडदा आणि त्यावरची बटणे एकाच वेळी बदलतात, मग ती एकाच खणात असू द्या.

या सगळ्या कामाला चार रविवार लागले. आधी जुन्या फाईलची नक्कल पेन ड्राइव्हवर काढून तिजोरीत ठेवली. रोज एकच तुकडा बाहेर काढायचा, दहा बिले करून पाहायची, मगच दुसऱ्याला हात, असा नियम ठेवला. त्या महिन्यात आम्ही कागदाची वहीही सोबत लिहिली आणि रात्री दोन्ही ताळे जुळवले. ज्यांची मुले ॲप बनवत आहेत त्यांनी निदान एवढे विचारावे की कराचा दर किती ठिकाणी लिहिला आहे. उत्तर 'एका' नसेल तर शेजारी बसावे.

छपाईची फाईल अजून तशीच गुंतलेली आहे. भाचा ती फोडायला उतावीळ आहे. ईदची गर्दी संपेपर्यंत तिला हात लावू नकोस, असे आम्ही त्याला बजावले आहे.