अमावास्येची मॅरेथॉन

"हेडलाइट! अहो, हेडलाइट बंद करा!"

पठारावरून पाच-सहा जण एकदम ओरडतात. घाटघरकडून वर आलेली गाडी जागीच थबकते, दिवे विझतात आणि आतली माणसं चाचपडत सामान उतरवू लागतात. सूर्य मावळून अर्धा तास झालाय. नाणेघाटाच्या या पठारावर कातळात तंबूचे खुंटे शिरत नाहीत, म्हणून दोरांवर धोंडे ठेवलेत. सोमवारी पाडवा आहे. म्हणजे आज रात्रभर चंद्राचा उपद्रव नाही.

शार्ल मेसिए या फ्रेंच धूमकेतू-शिकाऱ्याच्या यादीत आज 110 नोंदी मोजल्या जातात. तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका असं सगळं त्यात आहे. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सूर्य आकाशाच्या अशा भागात असतो, की ही जवळजवळ सगळी यादी एका रात्रीत पाहून होऊ शकते. तीच ही मॅरेथॉन. धावायचं कुणीच नसतं, तरी संध्याकाळची धांदल खरीखुरी असते, कारण पहिली गिऱ्हाइकं सूर्यापाठोपाठ मावळतीला निघालेली असतात.

"एम74 लागला का?" डोंबिवलीच्या शिक्षिका विचारतात.

"अजून उजेड आहे, ताई." काकांचा डोळा भिंगावरून हलत नाही. "आणि उजेड जाईपर्यंत हा जाईल."

काकांची दुर्बीण आठ इंची, आरसा त्यांनी स्वतः घासलेला. लाकडी खोक्यावर फिरणारी जाडजूड नळी, मोटर नाही की संगणक नाही. पश्चिमेला कडा तुटतो आणि खाली कोकण सुरू होतं. तिथून कल्याण-मुरबाडचा पिवळट उजेड क्षितिजावर चढलाय. भरीला समोरच्या उतारावर वणव्याची रेघ पेटलीय. देवयानी दीर्घिका, एम31, त्या धुरकट पट्ट्यात टेकता टेकता सापडते. तिची फिकट सोबतीण एम110 मात्र नाही. एम77 मिळतो. एम74 चं नाव काढलं की काका नुसते हुंकारतात.

मग वेग ओसरतो. मृग, व्याध, कृत्तिका डोक्यावरून पश्चिमेकडे कललेत आणि तिथलं सगळं निवांत बघण्यासारखं आहे. नववीतला एक मुलगा एम1 वर डोळा लावून उभा आहे.

"काहीच दिसत नाही, काका."

"त्याच्याकडे बघू नकोस. जरा बाजूला बघ आणि लक्ष त्याच्यावर ठेव."

सल्ला चमत्कारिक वाटतो, पण डोळ्याची रचनाच तशी आहे. पडद्याच्या मध्यभागी रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी असतात. अंधुक उजेड पकडणाऱ्या पेशी त्याच्या आजूबाजूला. त्यांना पुरतं जागं व्हायला वीस-तीस मिनिटं अंधार लागतो आणि एक हेडलाइट ती कमाई घालवतो. म्हणून इथे प्रत्येक टॉर्चवर लाल जिलेटिन कागद आहे.

"पुसल्यासारखं काहीतरी आहे," मुलगा हळूच म्हणतो.

हेच पुसट काहीतरी 1758 मध्ये मेसिएला धूमकेतूसारखं भासलं होतं आणि पुन्हा फसगत नको म्हणून त्याने यादी सुरू केली. 1054 मध्ये चिनी निरीक्षकांनी ज्या ताऱ्याचा स्फोट नोंदवला, त्याचा हा अवशेष आहे. शेजारच्या तंबूपाशी एका जोडप्याची स्वयंचलित दुर्बीण त्याचंच लालनिळं चित्र फोनवर जमवतेय. चित्र सुरेख आहे, मला हेवाही वाटतो. पण रांग मी काकांच्याच दुर्बिणीची धरतो.

जेवण घाटघरच्या मामांकडून आलंय. पिठलं, भाकरी, ठेचा. लाल उजेडात पिठल्याचा आणि ठेच्याचा रंग एकच दिसतो, आणि ते महागात पडतं. हा जुन्नर तालुका, बिबट्यांचा मुलूख. मामा पुन्हा बजावतात, "लांब जायचं असंल तर दोघं-दोघं जा, अन् पांढरी बॅटरी न्या. त्या लाल दिव्याचा बिबट्याला काय उपेग?" खलबत होतं आणि तंबूंच्या मागची एक वाट पांढऱ्या उजेडासाठी मोकळी ठेवली जाते.

बाराच्या सुमारास कन्या राशीत सगळे अडकतात. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला दीर्घिकांची इतकी दाटी आहे की एकीवरून दुसरीवर जाताना वाट चुकते. काका पुटपुटत मोजतात, "84, 86... हा 87." याच्या पोटातल्या कृष्णविवराचं चित्र 2019 मध्ये जगाने पाहिलं; दुर्बिणीत तो फक्त एक गोल, फिका डाग आहे. त्याचा प्रकाश निघाला सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी. आम्ही उभे आहोत तो कातळ तेव्हा थिजून कोटभर वर्षं झाली होती.

दीडच्या सुमारास दक्षिणेला जीवधनच्या खांद्यावर त्रिशंकू कलू लागलाय आणि त्याच्या बऱ्याच वर, नरतुरंगात, ओमेगा सेंटॉरी. हा यादीत नाही. मेसिएच्या पॅरिसमधून तो क्षितिजावर येतच नाही. खूण मिळणार नाही हे ठाऊक असूनही मॅरेथॉन थांबते. भिंगभर ताऱ्यांचा चुरा. नववीतला मुलगा दोनदा रांगेत घुसतो आणि कुणी त्याला अडवत नाही.

पहाटे वृश्चिक, धनू भराभर उरकतात. उत्तरेकडच्या देशांत रडवणारा एम30 इथे सव्वापाचला पूर्वेला चांगला वर आलाय. काका शेवटची खूण करतात. 108.

"एम74 मी पाहिला," ताई ठामपणे म्हणतात. "तिरक्या नजरेने."

"तिथे असायला हवा म्हणून पाहिलात."

"मग तुमचा एम77 कसला?"

चहाची किटली घेऊन आलेले मामा मध्येच विचारतात, "समदं घावलं का?"

"दोन सुटले, मामा. त्यातला एक आता सूर्यामागे चाललाय. पहाटेचा नीट दिसायला जून उजाडेल."

"जूनात?" मामा कपात चहा ओततात. "जूनात हितं धुक्यानं तुमाला माजं घर दिसायचं नाय."