उलट-सुलट टाक्यांचा गळपट्टा

थंडीत गळ्याभोवती गुंडाळावयाचा लोकरीचा मफलर हा विणकामाचा पहिला धडा समजला जातो. त्याला बाही नाही, खांदा नाही, टाके कमी-जास्त करण्याची दगदग नाही. तरीही पहिल्या हौसेने विणलेले कितीतरी मफलर पेटीच्या तळाशी पडून राहतात. दोष बहुधा हाताचा नसतो, निवडलेल्या विणीचा असतो.

नवशिक्यास एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी गुळगुळीत वीण साहजिकच मोहविते. परंतु वीतभर पट्टा झाला की त्याच्या उभ्या कडा मागच्या बाजूकडे वळू लागतात आणि मफलरची सुरळी होते. इस्त्री फिरविली तरी ते फार काळ टिकत नाही. याचे कारण टाक्यातच आहे. सुलट व उलट हे दोन निराळे टाके नव्हेत. एकच फास समोरून पाहिला की सपाट दिसतो आणि मागून पाहिला की गाठीसारखा उंच दिसतो. सर्व गाठी एकाच बाजूस आल्या म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही. शिवाय मफलर गळ्याभोवती फिरतो तेव्हा त्याची पाठही पोटाइतकीच दिसते.

यावर सोपा उपाय म्हणजे साबुदाणा वीण. तीत गाठी दोन्ही बाजूंस सारख्या विखुरतात, म्हणून कापड सपाट राहते आणि त्याला दाणेदार पोत येतो. अशा उठावाची हौस जुनी आहे. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा १५६२ साली वारली. तिच्यासोबत पुरलेल्या रेशमी मोज्यांतही उलट-सुलट टाक्यांची नक्षी आहे.

मध्यम जाडीची लोकर सुमारे २०० ग्रॅम घ्यावी आणि ती एकदमच घ्यावी. पुढे आणलेल्या गुंडीचा रंग किंचित निराळा निघतो व तो जोड लपत नाही. सुया ८ क्रमांकाच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. जुन्या इंग्रजी क्रमवारीत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन क्रमवारीत ती जाड होते; तेथील ८ क्रमांकाची सुई ५ मिलिमीटरची असते. परदेशी नमुना हाती आला तर हे आधी पाहावे. अशा लोकरीचे १० सेंटीमीटरांत साधारण २० टाके बसतात. तथापि प्रत्येक हाताची ओढ वेगळी असल्यामुळे लहानसा तुकडा विणून मोजणे बरे.

२० सेंटीमीटर रुंदीसाठी ४१ टाके घालावेत. टाक्यांची संख्या विषम ठेवणे हीच या विणीची किल्ली होय. एक सुलट, एक उलट असे विणीत जावे. ओळीचा शेवट सुलट टाक्याने होतो आणि पुढची प्रत्येक ओळ पुन्हा सुलट टाक्यानेच सुरू होते. सुलट टाक्याच्या वेळी धागा सुईच्या मागे असतो, उलट टाक्याच्या वेळी पुढे. तो दोन सुयांच्या मधून न्यावा. सुईवरून गेला तर एक फाजील फास पडतो आणि तेथे भोक दिसते.

चूक शोधण्यास आकडेमोड लागत नाही. ओळीचा शेवटचा टाका उलट आला, तर त्या ओळीत कोठेतरी टाका वाढला, गळला किंवा क्रम चुकला असे समजावे. मध्येच काम सोडावे लागले, तर सुईवरील पुढचा टाका पाहावा: त्याखाली गाठ दिसली तर सुलट विणावा, सपाट दिसला तर उलट. याच्या विपरीत केले की दाण्यांऐवजी उभ्या रेषा उमटतात. मग राग न धरता त्या ओळीपर्यंत टाके एकेक करून सोडवावेत. सुई ओढून सर्व उसवणे हा उतावळेपणा होय.

सुमारे १५० सेंटीमीटर लांबी झाली की टाके त्याच क्रमाने विणीत, मागचा पुढच्यावरून ओलांडून बंद करावेत. येथे हात आवळला तर टोक चिमटल्यासारखे दिसते, म्हणून या ओळीपुरती एक जाड सुई घ्यावी. धाग्याची टोके विणीत ओवून टाकावीत. मग कोमट पाण्यात साबणाचा थोडा फेस करून मफलर बुडवावा, पिळू नये. पंचात गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा. दोरीवर टांगला तर ओल्या लोकरीच्या भाराने तो लांबतो आणि मोजून घेतलेली रुंदी जाते.