विहिरीच्या पाण्याचा रंग



मंगरूळपीर तालुक्यांतील शेलूबाजारासारख्या बाजाराच्या गांवीं परसांत स्वतःची विहीर असणें ही अद्यापि मोठीच सोय गणली जाते. अशा विहिरीचें पाणी एखाद्या आषाढांत तांबूस किंवा गढूळ दिसूं लागलें, म्हणजे घरांत मतांची गर्दी होते. कोणी तुरटी फिरवा म्हणतो, कोणी ब्लीचिंग पावडर टाका म्हणतो, तर वडील मंडळी गाळ उपसण्याचा आग्रह धरतात. तिन्ही उपाय आपापल्या जागीं उत्तम आहेत. परंतु रंग कशाचा, हें ठरविल्यावांचून केलेला कोणताहि उपाय म्हणजे नाडी न पाहतां दिलेलें औषध होय.

नाडी पाहण्यास दोन कांचेचे पेले पुरेत. एकांत पोहऱ्यानें थेट विहिरींतून काढलेलें पाणी भरावें, दुसऱ्यांत पंप व टाकीवाटे तोटीस आलेलें. आणि दोन्ही झांकून रात्रभर ठेवावे. विहिरीचें पाणी निर्मळ आणि तोटीचें, तेंहि सकाळच्या पहिल्या धारेचेंच, तांबूस असेल, तर विहीर निर्दोष आहे. गंजलेला नळ बदलला कीं काम झालें.

पाणी काढतांनाच गढूळ असून सकाळीं तळाशीं गाळ बसला असेल, तर तो मातीचा दोष. आपल्या या पठारावर वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, आणि त्याखालीं सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा पाषाण अशी रचना आढळते. हा लाव्हा थरावर थर असा पसरला, आणि दोन थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा राहून गेला. विहिरीच्या उघड्या बाजूस तो पट्टा लागला, तर पावसाळ्यांत पाण्यास त्याचा रंग चढतो. शिवाय काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, आणि पहिल्या पावसाचें पाणी त्या भेगांतून, न गाळतां, सरळ विहिरींत उतरतें. येथें तुरटीनें घागरीपुरतें काम भागेल. विहिरीचें भागणार नाहीं.

तिसरा प्रकार मोठा फसवा आहे. पाणी काढतांना स्फटिकासारखें स्वच्छ दिसतें आणि पेल्यांत राहिलें कीं तासा-दोन तासांत तांबूस होतें. हें विरघळलेलें लोह. खोलवरच्या पाण्यांत प्राणवायु नसतो, म्हणून तें अदृश्य राहतें. वारा लागतांच त्याचा गंज बनतो. लिटरमागें ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलें कीं धुतलेल्या कपड्यांवर डाग पडूं लागतात. अशा पाण्याचा चहाहि काळपट होतो. अशा विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकल्यास पाणी सुधारण्याऐवजीं अधिकच लाल होतें, आणि गृहिणी पावडरीस दोष देते. वास्तविक पावडरीनें लोहाचा गंज करून तें दृश्य केलें इतकेंच. मात्र त्यांत तिचें बळ खर्ची पडल्यामुळें जंतु मारण्यास तें उरत नाहीं. यावर उपाय साधा आहे: पाणी भोकें पाडलेल्या पत्र्यावरून उंचावरून धारेधारेनें पाडावें, कांहीं काळ स्थिर ठेवावें आणि वाळूच्या थरांतून गाळावें. गंज वाळूवर राहतो. ती वाळू वेळोवेळीं धुवावी लागते.

हिरवट रंग बहुधा शेवाळाचा. ऊन बंद झालें कीं शेवाळ सरतें, म्हणून झांकण घालावें. चहासारखा पिवळट रंग कुजलेल्या पानांचा असतो, आणि तेथें मात्र गाळ उपसणेंच योग्य. पण विहिरींत घरच्या माणसानें उतरूं नये. तळाशीं विषारी वायु सांचलेला असूं शकतो, आणि एकास वांचविण्यास दुसरा उतरून दोघेहि दगावल्याच्या घटना पुष्कळ आहेत.

आतां खऱ्या धोक्याविषयीं. वर सांगितलेले बहुतेक रंग डोळ्यांस खुपतात, पण त्यांनीं सहसा जीव जात नाहीं. उलट शौचालयाच्या खड्ड्यांतून झिरपलेलें पाणी अगदीं स्वच्छ दिसूं शकतें, आणि विषमज्वर व कावीळ त्याच वाटेनें घरांत येतात. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं एक कुपी प्रसिद्ध केली. तींत पाणी भरून ठेवलें आणि तें एक-दोन दिवसांत काळें पडलें, तर मैल्याचा संसर्ग झाला असें समजावें. घरांत बाटलीच्या दुधावरचें तान्हें मूल असेल, तर प्रयोगशाळेंत नायट्रेटहि तपासून घ्यावें. भारतीय मानकाप्रमाणें त्याची मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम आहे. तें उकळून जात नाहीं. पाणी आटल्यामुळें उलट वाढतें. निर्मळपणावर विसंबूं नये याचा दाखला फार दूर नाहीं: घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यांत गेलें, कीं खारपाण पट्ट्यांतील पाणी दिसावयास नितळ आणि तोंडांत घेववत नाहीं!

म्हणून विहिरीची दुरुस्ती वरून सुरू करावी. सुमारें ६ मीटर खोलीपर्यंत पाणी झिरपणार नाहीं अशी बांधणी, पाऊण मीटर उंच कठडा, सभोंवार निदान एक मीटर रुंदीचा पक्का ओटा व सांडपाण्यास नाली असावी. शौचालयाचा खड्डा १५ मीटरच्या आंत नसावा. इतकें झाल्यावर आणि पाणी निवळल्यावरच पावडरीचा क्रम येतो. विहिरीचा व्यास मीटरमध्यें मोजून त्याचा वर्ग करावा, पाण्याच्या खोलीनें गुणावा, पुन्हां ७८५ नें गुणावें. इतके लिटर पाणी आहे. हजार लिटरांस अडीच ग्रॅम ताजी पावडर पुरते. २ मीटर व्यासाच्या विहिरींत ३ मीटर पाणी असेल, तर सुमारें २४ ग्रॅम. रात्रीं टाकावी व निदान तासभर पाणी काढूं नये.

रोजचा हा व्याप नको असेल, तर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें काढलेली दुहेरी मडक्याची युक्ति लहान घरगुती विहिरीस फार सोयीची आहे. एक किलो पावडर व दोन किलो जाड वाळू किंचित् ओलसर करून आंतल्या मडक्यांत भरावयाची. त्याला कांठाजवळ आणि बाहेरच्या मडक्याला तळापासून ४ सेंटिमीटरवर एकेक सेंटिमीटरचें भोंक असतें. बाहेरच्याचें तोंड प्लॅस्टिकनें बांधून जोडी पाण्याखालीं मीटरभर सोडावी. सुमारें साडेचार हजार लिटरांच्या, रोज चारशें लिटर उपसा असलेल्या विहिरीस ती दोन ते तीन आठवडे पुरते. पाण्यास क्लोरीनचा सूक्ष्म वासहि येईनासा झाला, कीं मडकें वर काढून मिश्रण बदलावें.